विषारी वायू आणि सैनिकांचे प्रशिक्षण

परिपत्रक निघाले, साहित्य पोहोचले, पोच मिळाली, की काम झाले असे समजण्याची आपल्या प्रशासनाची जुनी रीत आहे. मीही त्याच रीतीत वाढलो. पहिल्या महायुद्धातील वायुहल्ल्यांचा इतिहास वाचताना मात्र ही समजूत किती अपुरी आहे, हे मला प्रकर्षाने जाणवले.

२२ एप्रिल १९१५ रोजी बेल्जियममधील ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने ५,७०० हून अधिक सिलिंडरांतून क्लोरीन सोडला. समोरच्या फ्रेंच व अल्जीरियन तुकड्यांकडे बचावाचे कोणतेही साधन नव्हते. चारच दिवसांनी हिंदी सैन्याच्या लाहोर डिव्हिजनने त्याच आघाडीवर चढाई केली आणि तीही वायूच्या लोटात सापडली. ओल्या कापडाने नाक-तोंड झाकावे, याहून अधिक काही सैनिकांना तेव्हा सांगता येत नव्हते. अशा स्थितीत जमादार मीर दस्त यांनी विखुरलेले जवान एकत्र केले आणि आठ जखमी अधिकाऱ्यांना सुरक्षित जागी नेण्यास साहाय्य केले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

क्लोरीन हवेपेक्षा जड असल्याने तो खंदकाच्या तळाशी साचतो. म्हणून जो उभा राहिला तो त्यातल्या त्यात वाचला. जो खाली आडवा झाला, किंवा वाऱ्याच्या दिशेने पळाला, त्याला वायूने अधिक गाठले. भ्यालेला माणूस नेमके हेच करतो. त्याला हुकूम देऊन भागत नाही, सवयच लावावी लागते.

साधनेही झपाट्याने बदलत गेली. छायाचित्रकारांच्या परिचयाच्या ‘हायपो’त भिजविलेली फ्लॅनेलची पिशवी प्रथम आली. ती डोक्यावरून घालून तिचे टोक कोटाच्या कॉलरखाली खोचावयाचे. पुढच्या पिशवीत श्वास नाकाने आत घ्यावयाचा आणि तोंडातील झडपेतून बाहेर सोडावयाचा, असा नियम होता. शांतपणे बसून वाचताना हा नियम किती सोपा वाटतो! १९१६ मध्ये कोळसा व चुनामिश्रित सोडा भरलेल्या डब्याचा मुखवटा आला, तेव्हा मागची कवायत विसरून नवी शिकणे भाग पडले. १९१७ च्या जुलैत मस्टर्ड वायू आला. तो कपड्यांतून त्वचेपर्यंत पोहोचतो आणि फोड उठतात ते काही तासांनी. आता एकटा मुखवटाही पुरेसा राहिला नाही.

या प्रशिक्षणातील मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग म्हणजे वायुकक्ष. मुखवटा घातलेल्या सैनिकाला वायूने भरलेल्या खोलीतून नेत असत. मुखवटा चेहऱ्यावर नीट बसला आहे की नाही, हे त्यातून कळेच. परंतु त्याचा खरा हेतू विश्वास निर्माण करणे हा होता. थोडासा वास येताच ‘हा कुचकामी आहे’ असे वाटून मुखवटा ओढून काढणारा सैनिक मुखवटा असूनही मरतो. साहित्यवाटपाच्या नोंदवहीत मात्र त्याच्या नावापुढे बरोबरची खूण असते.

याच वायुकक्षाची दुसरी बाजूही आपल्या इतिहासात आहे. १९३० च्या दशकापासून दहा वर्षांहून अधिक काळ पोर्टन डाउन या ब्रिटिश केंद्राच्या शास्त्रज्ञांनी रावळपिंडी येथे शेकडो हिंदी सैनिकांवर मस्टर्ड वायूचे प्रयोग केले. हिंदी माणसाच्या त्वचेवर त्याचा परिणाम ब्रिटिशांपेक्षा अधिक होतो काय, हे त्यांना पाहावयाचे होते. काही सैनिकांना आखूड चड्डी व सुती सदरा एवढ्यावरच कक्षात पाठविण्यात आले. कित्येक जण भाजून रुग्णालयात दाखल झाले. एका सैनिकाचा मुखवटा घसरला आणि त्याचे डोळे व चेहरा भाजला. लंडनच्या अभिलेखागारातील कागदपत्रांवरून हे सारे २००७ मध्ये वृत्तपत्रांत प्रसिद्ध झाले. वरिष्ठ सांगतात म्हणून निमूटपणे खोलीत शिरावयाचे, ही शिस्त या सैनिकांच्या अंगी बाणलेलीच होती. प्रयोगांनंतर त्यांच्या प्रकृतीचे पुढे काय झाले, याची चौकशी लष्कराने केली नाही.