शर्यतीच्या सायकलीचा सांगाडा

सायकलीची चाके, पायडले, हँडल व बैठक नळ्यांच्या ज्या चौकटीवर बसविलेली असतात, तिला सांगाडा म्हणतात. सायकलस्वार व दुकानदार यांच्या बोलण्यात ‘फ्रेम’ हाच शब्द रूढ आहे. शर्यतीच्या सायकलीचे इतर सर्व भाग बदलता येतात, सांगाडा बदलला की मात्र सायकलच बदलली असे समजतात. त्यामुळे दोन उत्तम सांगाड्यांतून एक निवडण्याचा प्रश्न शर्यतपटू, कारागीर आणि संघचालक यांच्यापुढे शंभराहून अधिक वर्षे उभा राहत आला आहे. या निवडीचे कारण म्हणून सामान्यतः वजन पुढे केले जाते. परंतु सांगाडा कोठे व कसा मोडतो आणि मोडण्यापूर्वी काही सूचना देतो की नाही, याच विचाराने ती निवड अधिक वेळा ठरविली आहे, असे तिच्या इतिहासावरून दिसते.

जॉन केंप स्टार्ली याने इंग्लंडमधील कॉव्हेंट्री येथे १८८५ मध्ये ‘रोव्हर’ ही सायकल बाजारात आणली. दोन सारखी चाके व मागील चाकाला साखळीने मिळणारी गती ही तिची वैशिष्ट्ये होत. पुढील काही वर्षांतच समांतरभुज चौकोनासारखा दिसणारा नळ्यांचा सांगाडा सर्वत्र स्थिर झाला. त्याची दुबळी जागा नळ्यांच्या टोकांशी असे. स्वाराचा भार व रस्त्याचे धक्के यांचा ताण तेथेच एकवटतो आणि सांधा जोडताना दिलेल्या उष्णतेने धातूही तेथेच मऊ पडतो. सबंध नळी जाड करावी तर वजन वाढे. पातळ करावी तर टोके तडकत. बर्मिंगहॅमच्या खिळे बनविणाऱ्या घराण्यातील आल्फ्रेड रेनल्ड्स याने १८९७ मध्ये यावर एकस्व घेतले. त्याच्या नळीचा बाहेरील व्यास सर्वत्र सारखाच असून आतील बाजूने मात्र ती टोकांशी जाड व मध्यभागी पातळ असे. साधी वाटणारी ही युक्ती आजही पोलादी सांगाड्याचा पाया आहे.

याच कंपनीने १९३५ मध्ये मँगॅनीज-मॉलिब्डेनम पोलादाची ‘५३१’ ही नळी काढली. मिलान येथे आंजेलो लुईजी कोलोंबो याच्या कारखान्यात, जेथे नळ्यांचे फर्निचरही तयार होई, ‘कोलंबस’ या नावाच्या सायकलनळ्या बनू लागल्या होत्या. पुढे त्या क्रोमियम-मॉलिब्डेनम पोलादाच्या झाल्या. यानंतर सु. चाळीस वर्षे उत्तम सांगाड्याची निवड बव्हंशी या दोन नावांतूनच होई. इंग्लिश व अनेक फ्रेंच कारागीर रेनल्ड्सच्या नळ्या वापरीत, इटालियन कारागीर कोलंबसच्या. कोलंबसच्या ‘एसएल’ संचातील मुख्य नळ्यांची जाडी टोकांशी ०·९ मिमी. व मध्ये ०·६ मिमी. असे, अवजड स्वारांसाठी व खराब रस्त्यांसाठी असलेल्या ‘एसपी’ संचात ती प्रत्येकी ०·१ मिमी.ने अधिक असे. नळीवरील कागदी चिठ्ठीवरून सायकलीची प्रतिष्ठा ठरविण्याची प्रथा या काळात पडली. तिला फारसा शास्त्रीय आधार नव्हता. दोन्ही पोलादांची स्थितिस्थापकता जवळजवळ एकच असल्याने स्वारांना जाणवणारा फरक हा नळीची जाडी, सांगाड्याचे कोन आणि कारागिराचा हात यांचा असे. ⇨झाळकाम करताना एखाद्याने नळी अधिक तापविली, तर चिठ्ठी कोणतीही असो, सांधा कच्चाच राहणार. म्हणूनच रेनल्ड्सने १९७६ मध्ये अधिक पातळ व उष्णतासंस्कारित ‘७५३’ नळी काढली, तेव्हा कमी तापमानास चांदीयुक्त झाळ वापरून केलेल्या सांध्याची चाचणी उत्तीर्ण झालेल्या कारागिरांनाच ती देण्याचा नियम केला. रेनल्ड्स ज्या ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स उद्योगसमूहात होती, त्याच समूहाच्या सहकार्याने १९४९ मध्ये मद्रास (चेन्नई) येथे टीआय सायकल्स ऑफ इंडिया ही कंपनी निघाली व तिची ‘हर्क्युलिस’ सायकल भारतात घरोघर पोहोचली. अर्थात तिच्या नळ्या साध्या, जाड पोलादाच्या होत्या. ५३१ ची नव्हे.

पोलादी सांगाडा मुळातच जड असतो, हा समज बरोबर नाही. बेल्जियमचा एडी मर्क्स याने २५ ऑक्टोबर १९७२ रोजी मेक्सिको सिटी येथे एका तासात ४९·४३१ किमी. अंतर कापण्याचा विक्रम केला, तो एर्नेस्तो कोल्नागो या इटालियन कारागिराने बांधलेल्या पोलादी सायकलीवर. सहा किग्रॅ.पेक्षाही कमी वजनाची ती सायकल धावपट्टीवर एक तास टिकली म्हणजे पुरे होते; डोंगरी रस्त्यावर महिनाभर टिकण्याची अपेक्षा तिच्याकडून नव्हती.

धातूंची तुलना करता एक विलक्षण गोष्ट आढळते. पोलादाची घनता (दर घ. सेंमी.ला) ७·८५ ग्रॅ., टिटॅनियमची ४·५ ग्रॅ. व ॲल्युमिनियमची २·७ ग्रॅ. आहे; त्यांचे यंग गुणांक अनुक्रमे सु. २०५, ११० व ७० गिगापास्कल आहेत. म्हणजे धातू जितका हलका तितकाच तो लवचिक. भागाकार तिन्हींचा जवळपास सारखाच येतो. तेव्हा केवळ धातू बदलून फायदा होत नाही, नळीचा आकार बदलावा लागतो. नळीचा व्यास दुप्पट करून जाडी निम्मी केली, तर वजन तेवढेच राहून वाकण्यास होणारा विरोध सु. चौपट होतो. पोलादाच्या बाबतीत हे फार ताणता येत नाही, कारण कागदासारखी पातळ झालेली भिंत साध्या आघाताने चेपते. ॲल्युमिनियमच्या बाबतीत ते साधते. फ्रान्समध्ये १९७९ च्या सुमारास निघालेल्या ‘व्हीट्यूस ९७९’ या ॲल्युमिनियम सांगाड्यात नळ्या चिकटद्रव्याने जोडलेल्या होत्या, पण त्यांचे व्यास पोलादी नळ्यांइतकेच ठेवले होते. परिणामी तो हलका असला, तरी दणकट स्वारांच्या पायाखाली तो वळतो अशी तक्रार असे. आयर्लंडच्या शॉन केली याने त्याच सांगाड्यावर मोठमोठ्या शर्यती जिंकल्या, ही गोष्ट तक्रार करणाऱ्यांना अडचणीची होती. पुढे अमेरिकेत गॅरी क्लाइन व कॅननडेल कंपनी यांनी जाड व्यासाच्या ॲल्युमिनियम नळ्या रूढ केल्या. ॲल्युमिनियमचे एक वैगुण्य मात्र आकार बदलून जात नाही. पोलादाला एका मर्यादेखालील ताण कितीही वेळा दिला तरी शिणवटा येत नाही. ॲल्युमिनियमला तशी मर्यादाच नसते.

कार्बन तंतू व रेझीन यांच्या संमिश्राने हे सर्व गणित बदलले. तंतू ज्या दिशेने अंथरावेत त्या दिशेने दृढता मिळते, त्यामुळे एकच नळी एका दिशेने ताठ व दुसरीने लवचिक करता येते. अमेरिकन स्वार ग्रेग लेमाँड याने १९८६ ची ⇨तूर द फ्रांस कार्बन सांगाड्यावर जिंकली. तथापि त्या काळच्या बहुतेक कार्बन सांगाड्यांत नळ्या ॲल्युमिनियमच्या जोडतुकड्यांत चिकटविलेल्या असत. घाम व पावसाचे पाणी शिरले की दोन पदार्थांत विद्युत् रासायनिक क्रिया होऊन ॲल्युमिनियम गंजे व सांधा सुटे. नळी सुटली तर ती धावत्या सायकलीवरच सुटणार, हे स्वार विसरू शकत नसत.

मिलानजवळील कांब्याजो येथे १९५४ पासून सायकली बांधणाऱ्या कोल्नागोच्या दोन सांगाड्यांत ही निवड सर्वांत स्पष्टपणे समोर आली. १९८३ चा ‘मास्टर’ हा पोलादी सांगाडा. त्याच्या नळ्यांना लांबीच्या दिशेने खाचा पाडलेल्या असून छेद ताऱ्यासारखा दिसे. ही कल्पना जिल्बेर्तो कोलोंबो याची, ज्याच्या ‘जिल्को’ संस्थेने फेरारी मोटारींसाठी नळ्यांचे सांगाडे बनविले होते. दुसरा ‘सी ४०’, कंपनीच्या चाळिसाव्या वर्षी, १९९४ मध्ये निघालेला. फेरारीच्या सहकार्याने झालेल्या प्रयोगांतून तो साकारला आणि त्यात नळ्यांप्रमाणे जोडतुकडेही कार्बनचेच होते. गंजण्याचा प्रश्न त्यामुळे मुळातच मिटला. शिवाय निरनिराळ्या मापांचे सांगाडे बांधणेही सोपे झाले. कोल्नागोने कार्बनमध्ये उतरतानाही जुन्या कारागिराची जोडणीची रीत सोडली नाही, हे त्याच्या यशाचे एक कारण मानावे लागेल.

कसोटीचा दिवस ९ एप्रिल १९९५ हा होता. १८९६ मध्ये सुरू झालेली पॅरिस-रूबे ही शर्यत सु. २६० किमी. लांबीची असून तिच्या मार्गात सु. ५० किमी. फरसबंदी येते. दगडी चिऱ्यांच्या या शेतवाटांवर चाके व चिमटे मोडणे नित्याचे आहे. आदल्या काही वर्षांत धक्के शोषणारे चिमटे लावून स्वार तेथे उतरत होते. इटलीचा फ्रांको बाल्लेरिनी (१९६४–२०१०) १९९३ मध्ये येथेच काही सेंमी.ने हरला होता, आणि तोही आपण जिंकलो असे समजून हात उंचावल्यानंतर. १९९५ मध्ये मापेई संघातून तो ‘सी ४०’ घेऊन उतरणार होता. कोल्नागोने पुढे सांगितल्यानुसार संघाचा आश्रयदाता जोर्जो स्क्विन्झी (१९४३–२०१९) याला या सांगाड्याची धास्ती वाटत होती व स्वतः कोल्नागोला त्याची हमी द्यावी लागली. स्क्विन्झीचा कारखाना बांधकामातील चिकटद्रव्यांचा होता. चिकटविलेल्या सांध्यावर त्यानेच शंका घ्यावी यात गंमत आहे, पण त्याची शंका अनाठायी नव्हती. पोलादी चिमटा मोडण्यापूर्वी वाकतो, रंगावर चीर दिसते. कार्बनच्या थरांत आघाताने झालेली इजा बाहेरून दिसत नाही आणि शेवट एकाएकी होतो. बाल्लेरिनी एकट्याने रूबेच्या धावपट्टीवर पोहोचला व जिंकला. पुढील वर्षी मापेईच्या योहान मुसेऊ, जानलूका बोर्तोलामी व आंद्रेआ ताफी यांनी पहिले तिन्ही क्रमांक घेतले.

यानंतर पोलाद व्यावसायिक शर्यतींतून वेगाने मागे पडले. ॲल्युमिनियमने १९९८ मध्ये मार्को पांतानीच्या रूपाने तूर द फ्रांस जिंकली. लवकरच तेही मागे पडून कार्बनच उरला. वजनाची चढाओढ मात्र नियमानेच थांबली. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने २००० पासून शर्यतीच्या सायकलीचे किमान वजन ६·८ किग्रॅ. ठरविले. तसे पाहता स्वार व सायकल मिळून ८० किग्रॅ. धरले, तर सांगाड्यातील अर्ध्या किग्रॅ.ने अर्ध्या तासाच्या चढणीवर दहा-अकरा सेकंदांचा फरक पडतो. व्यावसायिकाला तेवढ्यावर शर्यत मिळते वा हुकते. हौशी स्वाराला तेवढा वेळ पाण्याची बाटली काढताना लागतो. हौशी स्वाराच्या दृष्टीने सांगाडा अंगाच्या मापाचा असणे आणि पडल्यानंतर तो तपासता येणे या गोष्टी मोलाच्या ठरतात. वाकलेली पोलादी नळी जाणता कारागीर बदलून देतो. कार्बनचीही दुरुस्ती होते, पण इजा शोधण्यासाठी श्राव्यातीत ध्वनीची चाचणी करणारा माणूस गाठावा लागतो. ‘सी ४०’ ची जागा २००४ च्या सुमारास नव्या कार्बन सांगाड्याने घेतली. त्याच्याहून अकरा वर्षांनी जुना ‘मास्टर’ त्यानंतरही कांब्याजोहून विक्रीस निघत राहिला.