डॉ. कार्ल जून आणि ‘जिवंत औषध’

रक्ताच्या कर्करोगावरील उपचारांत गेल्या दीड दशकात जे स्थित्यंतर झाले, त्याची चर्चा निघाली की अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचे प्रतिकारशास्त्रज्ञ डॉ. कार्ल जून यांचे नाव हमखास घेतले जाते. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी बाहेर काढायच्या, त्यांत नवे जनुक बसवायचे, प्रयोगशाळेत त्यांची संख्या वाढवायची आणि त्याच रुग्णाला त्या परत द्यायच्या, असे या उपचाराचे स्वरूप आहे. ‘कार-टी’ या नावाने तो ओळखला जातो. नेहमीचे औषध काही तासांत वा दिवसांत शरीरातून निघून जाते. या पेशी मात्र शरीरात वाढतात आणि काही रुग्णांत वर्षानुवर्षे टिकतात. म्हणून त्यांना ‘जिवंत औषध’ म्हटले जाते. या औषधाच्या पायाभरणीतील मोठा भाग कर्करोगाच्या नव्हे, तर एड्सच्या संशोधनात झाला, ही गोष्ट मात्र फारशी सांगितली जात नाही.

जून यांचा जन्म १९५३ चा. तरुणपणी त्यांना अभियंता व्हायचे होते. परंतु व्हिएतनाम युद्धासाठी सक्तीच्या लष्करभरतीची टांगती तलवार होती, म्हणून त्यांनी अ‍ॅनापोलिस येथील नौदल अकादमीत प्रवेश घेतला. १९७५ मध्ये ते पदवीधर झाले, त्याच वर्षी ते युद्ध संपले. नौदलानेच त्यांना वैद्यकीय शिक्षणासाठी ह्यूस्टनच्या बेलर महाविद्यालयात पाठविले आणि पुढे अस्थिमज्जा प्रत्यारोपण शिकण्यासाठी सिएटलच्या फ्रेड हचिन्सन केंद्रात. अणुऊर्जेवर चालणाऱ्या पाणबुड्या बाळगणाऱ्या नौदलाला किरणोत्साराने अस्थिमज्जा नष्ट झालेल्या रुग्णांवर उपचार करणारे डॉक्टर हवे होते. सिएटलमध्ये जून यांना गुरू लाभले ते प्रत्यारोपणाचे प्रवर्तक आणि पुढे १९९० मध्ये नोबेल मिळविणारे डॉ. डॉनल थॉमस. दात्याच्या टी-पेशी रुग्णाच्या शरीरातील उरल्यासुरल्या कर्करोगाचाही नायनाट करतात, हे तेथे दिसून येत होते.

तेथून ते मेरीलँडमधील बेथेस्डा येथील नौदल वैद्यकीय संशोधन संस्थेत आले. लष्करी संस्थेत संसर्गजन्य आजारांना प्राधान्य असल्याने कर्करोग बाजूला राहिला आणि एचआयव्ही हा अभ्यासाचा विषय झाला. हा विषाणू टी-पेशीच नष्ट करतो. तेव्हा रुग्णाच्या टी-पेशी शरीराबाहेर वाढवून त्याला परत देता येतील का, असा प्रश्न होता. जून आणि त्यांचे सहकारी ब्रूस लेव्हिन यांनी १९९० च्या दशकात त्यासाठी एक युक्ती शोधली. अतिसूक्ष्म चुंबकीय मण्यांवर दोन प्रकारची प्रतिपिंडे चिकटविली, एक सीडी-३ आणि दुसरे सीडी-२८ या ग्राहक प्रथिनाला जाऊन भिडणारे. टी-पेशीला हे दोन्ही इशारे एकत्र मिळाले की ती जोमाने विभाजित होऊ लागते. काम झाले की लोहचुंबकाने मणी बाजूला काढायचे. वरकरणी किरकोळ वाटणाऱ्या या तंत्राशिवाय पुढचे काही शक्य झाले नसते.

जनुक पेशीत पोहोचविण्याचे साधनही एचआयव्हीनेच पुरविले. रोग निर्माण करण्याची क्षमता काढून घेतलेला हा विषाणू टी-पेशीत जनुक नेऊन बसविण्यात तरबेज असतो. अशा वाहक विषाणूचा माणसावरील पहिला प्रयोग २००३ मध्ये जून यांच्याच गटाने सुरू केला, तोही एचआयव्हीबाधितांवर.

दरम्यान १९९९ मध्ये ते फिलाडेल्फियाच्या पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात दाखल झाले होते. याच विद्यापीठात त्या वर्षी सप्टेंबरमध्ये यकृताच्या आजारावरील जनुक उपचाराच्या चाचणीत एका १८ वर्षीय तरुणाचा मृत्यू झाला. जून यांचा त्या चाचणीशी संबंध नव्हता. पण त्यानंतर संपूर्ण क्षेत्रावर संशयाचे सावट आले आणि निधी आटला. घरची परिस्थितीही कठीण होती. त्यांच्या पत्नीला १९९६ मध्ये अंडाशयाचा कर्करोग झाल्याचे निदान झाले होते. २००१ मध्ये त्यांचे निधन झाले. यानंतर जून पूर्ण वेळ कर्करोगाकडे वळले.

येथे श्रेयाचा प्रश्न येतो. टी-पेशीवर प्रतिपिंडाचा तुकडा बसवून तिला लक्ष्य ओळखायला लावण्याची कल्पना जून यांची नव्हे. इस्रायलच्या वाइझमन संस्थेतील झेलिग एशहार यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस तसा संकरित ग्राहक तयार केला. न्यूयॉर्कचे मिशेल साडेलेन यांनी सीडी-१९ हे बी-पेशींवरील प्रथिन लक्ष्य म्हणून पुढे आणले. पेशींना दीर्घकाळ टिकविणारा ‘४-१बीबी’ हा घटक डारिओ कँपाना यांनी सेंट ज्यूड रुग्णालयात बसविला होता. त्यावरील करार व पेटंटवरून झालेला न्यायालयीन वाद २०१५ मध्ये तडजोडीने मिटला. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतील स्टीव्हन रोझेनबर्ग यांच्या गटाने तर लिंफोमाच्या रुग्णावरील यश २०१० मध्येच प्रसिद्ध केले होते. जून यांचे कर्तृत्व या सर्व सुट्या भागांतून माणसाला देता येईल असे औषध उभे करण्यात आहे, आणि ते मुळीच कमी नाही.

२०१० च्या उन्हाळ्यात जुनाट रक्तकर्करोगाच्या तीन रुग्णांना या पेशी देण्यात आल्या. सरकारी अनुदान न मिळाल्याने एका खासगी धर्मादाय संस्थेच्या पैशावर चाचणी चालली होती आणि तो तीन रुग्णांतच संपला. परिणाम थक्क करणारे होते. दोघांच्या शरीरात कर्करोग शोधूनही सापडेना, तिसऱ्याला अंशतः गुण आला. सुमारे सव्वा ते साडेतीन किलो कर्कपेशी नाहीशा झाल्या होत्या. एकेका टी-पेशीने सरासरी किमान हजार कर्कपेशी मारल्याचा हिशेब निघाला. ऑगस्ट २०११ मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पहिल्या दोन रुग्णांत या पेशी दहा वर्षांनंतरही जिवंत आढळल्या, असे २०२२ मध्ये जाहीर झाले.

एप्रिल २०१२ मध्ये फिलाडेल्फियाच्या बाल रुग्णालयात सहा वर्षांच्या एमिली व्हाइटहेडवर हा उपचार झाला. तिचा रक्ताचा कर्करोग दोनदा उलटला होता. पेशी दिल्यानंतर तिला प्रचंड ताप आला, रक्तदाब कोसळला, तिला कृत्रिम श्वासोच्छ्वासावर ठेवावे लागले. तपासणीत ‘इंटरल्युकिन-६’ हे दाहकारक प्रथिन अफाट वाढलेले दिसले. जून यांच्या मुलीला संधिवात असल्याने या प्रथिनाला रोखणारे टोसिलिझुमॅब हे संधिवाताचे औषध त्यांना ठाऊक होते. बालरोग कर्करोगतज्ज्ञ डॉ. स्टीफन ग्रुप यांनी ते दिले आणि काही तासांतच ताप उतरू लागला. मुलगी शुद्धीवर आली ती तिच्या सातव्या वाढदिवशी. ती दगावली असती तर हे संशोधन तेथेच थांबले असते, असे जून यांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. आज ते औषध या दुष्परिणामावर सर्वत्र वापरले जाते.

नोव्हार्टिस कंपनीशी करार झाला आणि ३० ऑगस्ट २०१७ रोजी अमेरिकी औषध प्रशासनाने ‘किमराया’ला मान्यता दिली. किंमत होती पावणेपाच लाख डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने सुमारे तीन कोटी रुपये.

एकेका पेशीचे मोल काय, हे २०१८ मध्ये याच गटाने प्रसिद्ध केलेल्या दोन शोधनिबंधांत दिसते. एका वृद्ध रुग्णात नवे जनुक योगायोगाने ‘टीईटी-२’ या जनुकाच्या मध्येच जाऊन बसले. त्या एकाच पेशीची संतती इतकी वाढली की रुग्ण कर्करोगमुक्त झाला. दुसऱ्या रुग्णात उत्पादनाच्या वेळी एका कर्कपेशीतच चुकून ते जनुक शिरले. ती पेशी स्वतःचे सीडी-१९ झाकून उपचारापासून लपली आणि तिच्यापासून उलटलेल्या रोगाने रुग्णाचा बळी घेतला.

मर्यादा आणखीही आहेत. स्तन, फुप्फुस वा स्वादुपिंडाच्या घन गाठींवर कार-टीला अद्याप रक्ताच्या कर्करोगासारखे यश नाही. उपचारानंतर टी-पेशींचाच कर्करोग झाल्याची मोजकी उदाहरणे आढळल्याने २०२४ मध्ये अमेरिकी प्रशासनाने या औषधांवर ठळक इशारा छापणे बंधनकारक केले. जून यांना साडेलेन यांच्यासमवेत २०२४ चे ‘ब्रेकथ्रू’ पारितोषिक मिळाले.

किमतीचा प्रश्न आपल्याकडे अधिक तीव्र आहे. हे औषध कारखान्यात लाखोंच्या संख्येने बनत नाही. प्रत्येक रुग्णासाठी ते स्वतंत्र घडवावे लागते. आयआयटी मुंबईतील डॉ. राहुल पुरवार यांच्या गटाने टाटा मेमोरियल केंद्राच्या सहकार्याने देशी कार-टी विकसित केली. खारघरच्या ‘अ‍ॅक्ट्रेक’मध्ये जून २०२१ मध्ये पहिल्या रुग्णावर ती वापरली गेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियंत्रकांची मान्यता मिळाली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांच्या हस्ते पवईत ‘नेक्सकार-१९’चे लोकार्पण झाले. वाहक विषाणूही देशातच तयार केल्याने खर्च अमेरिकेच्या सुमारे दशांशावर आला. तरीही बाजारात आले तेव्हा या औषधासाठी रुग्णाला चाळीस लाख रुपयांच्या आसपास मोजावे लागत होते.