पूर्व कोलकाता पाणथळ भूमी

कोलकात्याच्या पूर्व हद्दीलगतचा सु. १२,५०० हेक्टर विस्ताराचा, तलाव, भातखाचरे व भाजीमळे यांनी व्यापलेला प्रदेश. अन्नोत्पादनाबरोबरच जलशुद्धी, पूरनियंत्रण, जैवविविधतेचे रक्षण व ग्रामीण उपजीविका ही कार्ये एकाच वेळी पार पाडणाऱ्या शेतीविषयी शासनाने कोणते धोरण धरावे, या प्रश्नाच्या दृष्टीने त्याचे महत्त्व विशेष आहे.

विद्याधरी नदी गाळाने भरून खाऱ्या पाण्याची आवक खुंटली, तेव्हा येथील मत्स्यसंवर्धकांनी शहराचे सांडपाणी ‘भेरी’ नावाच्या उथळ तलावांत घेण्यास आरंभ केला. सूर्यप्रकाशात जंतू व शैवाल यांच्या परस्परसाहाय्याने त्यातील सेंद्रिय द्रव्याचे विघटन होऊन रोहू, कटला, मृगळ या माशांना खाद्य मिळते. तलावांतून बाहेर पडणारे पाणी पुढे भातशेतीला लाभते. आणि धापा येथे शहराच्या कचऱ्यापासून झालेल्या खतावर भाजीपाला पिकतो.

शेतीची ही बहुविध कार्ये स्वित्झर्लंडने १९९६ साली संविधानात, तर जपानने १९९९ च्या अन्न, शेती व ग्रामीण क्षेत्रविषयक मूलभूत कायद्यात मान्य केली. भारतात शेती व मत्स्यव्यवसाय हे राज्यसूचीतील विषय असून, या भूमीला संरक्षण लाभले ते कृषिखात्याच्या योजनांपेक्षा न्यायालयाच्या व पर्यावरणविषयक कायद्यांच्या द्वारे. सॉल्ट लेक उपनगरासाठी पाणथळीचा मोठा भाग पूर्वीच भरून काढण्यात आला होता. उरलेल्या भागाचे कार्य राज्य शासनाच्या सेवेतील अभियंते ध्रुवज्योती घोष यांनी दीर्घ अभ्यासाने प्रकाशात आणले. १९९२ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने तेथे नव्याने भराव घालण्यास मनाई केली. केंद्र शासनाच्या प्रस्तावावरून १९ ऑगस्ट २००२ रोजी या भूमीची नोंद रामसर करारान्वये आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींत झाली. आणि पश्चिम बंगालच्या २००६ च्या अधिनियमाने ३७ मौजांतील जमिनीचा वापर परवानगीवाचून बदलण्यास प्रतिबंध करून व्यवस्थापनासाठी स्वतंत्र प्राधिकरणाची तरतूद केली.

हा बंदोबस्त आवश्यक असला, तरी तो मुख्यतः जमिनीचा आहे. भेरी जिवंत राहते ती तिचा गाळ उपसणाऱ्या, पाण्याची खोली राखणाऱ्या व आवकजावक सांभाळणाऱ्या कोळ्यांच्या कौशल्यामुळे. आणि महानगराचे पाणी शुद्ध करण्याच्या या सार्वजनिक सेवेचा मोबदला त्यांना बव्हंशी माशांच्या विक्रीतूनच मिळवावा लागतो. म्हणून, ज्या धोरणात या श्रमाला रास्त मोल व सांडपाण्याच्या नियमित पुरवठ्याची हमी नाही, ते अपूर्णच मानले पाहिजे.