ड्रॉइंग हँड (पोकर)

ड्रॉइंग हँड किंवा ड्रॉ म्हणजे पोकर या पत्त्यांच्या खेळातील अपूर्ण हात. असा हात त्या क्षणी दुबळा असतो. परंतु पुढे ठरावीक पान उघडल्यास तो बहुधा विजयी ठरतो. नो-लिमिट होल्डेम या प्रकारात खेळाडू कोणत्याही फेरीत आपल्या सर्व चिप्स लावू शकतो. त्यामुळे प्रबळ ड्रॉचे मूल्य पान येण्याच्या शक्यतेवर आणि प्रतिस्पर्ध्याने माघार घेण्याच्या शक्यतेवर, अशा दोन्ही गोष्टींवर अवलंबून असते. भारतात पैसे लावून ऑनलाइन खेळल्या जाणाऱ्या पोकरवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी घातली आहे.

स्वरूप

होल्डेममध्ये प्रत्येक खेळाडूला दोन पाने झाकून मिळतात. त्यानंतर मेजावर पाच सामायिक पाने उघडतात: प्रथम तीन (फ्लॉप), मग एक (टर्न) आणि शेवटी एक (रिव्हर). या सातांपैकी सर्वोत्तम पाच पानांचा हात धरला जातो. तीन पत्तीत वाटलेली पाने बदलत नाहीत, म्हणून तेथे ड्रॉ संभवत नाही. रमीत सिक्वेन्स पूर्ण करणाऱ्या पानाची वाट पाहणे ही त्याच्या जवळची कल्पना आहे.

हात पूर्ण करू शकणाऱ्या शिल्लक पानांना आउट्स म्हणतात. फ्लॉपनंतर खेळाडूला न दिसलेली ४७ पाने उरतात. रिव्हरपर्यंत हात पूर्ण होण्याची शक्यता पुढीलप्रमाणे असते:

- मधले एक पान हवे असलेला स्ट्रेट (४ आउट्स): १६.५ टक्के
- दोन्ही टोके खुली असलेला स्ट्रेट (८ आउट्स): ३१.५ टक्के
- फ्लश (९ आउट्स): ३५ टक्के
- फ्लश आणि मधल्या पानाचा स्ट्रेट (१२ आउट्स): ४५ टक्के
- फ्लश आणि दोन्ही टोके खुली असलेला स्ट्रेट (१५ आउट्स): ५४.१ टक्के

अंदाजासाठी फ्लॉपनंतर आउट्सना ४ ने व टर्ननंतर २ ने गुणण्याची पद्धत रूढ आहे. आउट्स जास्त असल्यास पहिला अंदाज प्रत्यक्षापेक्षा वाढीव येतो.

उदाहरण

एका खेळाडूकडे बदाम गुलाम व बदाम दश्शी आहे. फ्लॉपवर बदाम राणी, बदाम नव्वी आणि किलवर दुर्री उघडली. कोणतेही बदाम आल्यास फ्लश होतो (९ पाने). कोणताही राजा किंवा अठ्ठी आल्यास स्ट्रेट होतो (८ पाने). बदाम राजा व बदाम अठ्ठी दोन्हींत मोजली गेल्याने एकूण आउट्स १५ होतात. प्रतिस्पर्ध्याकडे इस्पिक एक्का व किलवर राणी असल्यास त्याची राण्यांची जोडी सध्या पुढे आहे. तरीही दोन्ही पाने पाहायला मिळणार असतील तर ड्रॉची बाजू किंचित वरचढ ठरते. प्रतिस्पर्ध्याकडे तीन नव्व्या असल्यास मात्र चित्र पालटते. बदाम दुर्री आल्यास ड्रॉचा फ्लश होतो, पण त्याच पानाने प्रतिस्पर्ध्याचे फुल हाउस पूर्ण होते.

पॉट ऑड्स आणि संभाव्य लाभ

टर्ननंतर पॉटमध्ये १,००० चिप्स असताना प्रतिस्पर्ध्याने ५०० लावल्यास, कॉल करणारा ५०० चिप्स देऊन १,५०० जिंकण्याचा प्रयत्न करतो. त्यासाठी किमान २५ टक्के शक्यता हवी. केवळ फ्लशचा ड्रॉ ४६ पैकी ९ पानांनी, म्हणजे १९.६ टक्के वेळा पूर्ण होतो. म्हणून हा कॉल तेव्हाच परवडतो, जेव्हा फ्लश झाल्यावर रिव्हरवर सरासरी आणखी सुमारे ५५६ चिप्स मिळण्याची वाजवी अपेक्षा असते. प्रतिस्पर्ध्यापुढे तेवढ्या चिप्स शिल्लक नसतील तर ही अपेक्षा निरर्थक ठरते.

सेमी-ब्लफ

हात पूर्ण होण्यापूर्वीच मोठी बेट करण्याला सेमी-ब्लफ म्हणतात. ही संज्ञा अमेरिकी लेखक डेव्हिड स्क्लान्स्की यांच्या लेखनातून रूढ झाली. समजा, फ्लॉपवर पॉटमध्ये ८०० चिप्स आहेत आणि ३५ टक्के शक्यतेचा फ्लश ड्रॉ असलेला खेळाडू उरलेल्या सर्व १,००० चिप्स लावतो. कॉल झाल्यास त्याला सरासरी २० चिप्सचा तोटा होतो; प्रतिस्पर्ध्याने माघार घेतल्यास ८०० मिळतात. प्रतिस्पर्धी १०० पैकी ३० वेळा माघार घेत असेल, तर एकूण अपेक्षित लाभ २२६ चिप्स होतो. कधीच माघार न घेणाऱ्या प्रतिस्पर्ध्यापुढे हा लाभ नाहीसा होतो.

ऑनलाइन खेळ आणि जोखीम

ऑनलाइन पोकरमध्ये चेहरा किंवा हालचाली दिसत नाहीत. बेटचा आकार, निर्णयाला लागलेला वेळ आणि आधीच्या डावांच्या नोंदी हीच माहिती हाती असते. एकाच वेळी अनेक मेजांवर खेळता येत असल्याने डाव वेगाने होतात आणि नुकसानही तितक्याच वेगाने साचू शकते. ५४.१ टक्के शक्यतेचा ड्रॉ सलग दोनदा अपूर्ण राहण्याची शक्यता सुमारे २१ टक्के, म्हणजे पाचांत एकदा असते. गणिती दृष्ट्या योग्य निर्णयही म्हणून थोड्या डावांत नफ्याची हमी देत नाही.

महाराष्ट्र व भारतातील कायदेशीर स्थिती

जालना जिल्ह्यासह संपूर्ण राज्यात महाराष्ट्र जुगार प्रतिबंध अधिनियम, १८८७ लागू आहे. निव्वळ कौशल्याच्या खेळांना त्याच्या कलम १३ मध्ये सूट आहे. रमी हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने आंध्र प्रदेश राज्य विरुद्ध के. सत्यनारायण या खटल्यात १९६७ साली म्हटले. पोकरबाबत मात्र उच्च न्यायालयांत एकमत राहिले नाही. गुजरात उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये त्याला कौशल्याचा खेळ मानण्यास नकार दिला. आउट्स व पॉट ऑड्स यांचे गणित हा पोकरला कौशल्याचा खेळ मानणाऱ्यांच्या युक्तिवादाचा एक आधार आहे.

महाराष्ट्राचा १९७६ चा कॅसिनोविषयक कायदा कधीच अमलात आला नाही व २०२३ मध्ये तो रद्द करण्यात आला. शेजारच्या गोव्यात मात्र परवानाधारक कॅसिनो आहेत.

ऑनलाइन खेळांचे प्रोत्साहन व विनियमन अधिनियम, २०२५ ला २२ ऑगस्ट २०२५ रोजी राष्ट्रपतींची संमती मिळाली. पैसे लावून खेळला जाणारा ऑनलाइन खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा, तो उपलब्ध करून देणे या कायद्याने निषिद्ध ठरते. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे; केवळ खेळणाऱ्यास शिक्षेची तरतूद नाही. त्यामुळे ड्रॉच्या गणिताने कौशल्य सिद्ध झाले, तरी या कायद्यापुढे तो बचाव ठरत नाही.