पून लिम : तराफ्यावरचे १३३ दिवस

१/ २३ नोव्हेंबर १९४२. केपटाऊनहून डच गयानातील पारामारिबोकडे निघालेल्या ‘बेनलोमंड’ या ब्रिटिश मालवाहू जहाजावर यू-१७२ या जर्मन पाणबुडीने दोन टॉर्पेडो डागले. काही मिनिटांतच जहाज अटलांटिकच्या तळाशी गेले. जहाजावरील पन्नासहून अधिक माणसांपैकी एकच जण वाचला. त्याचे नाव पून लिम. चीनच्या हैनान बेटावरचा, वय २४.

२/ लिम जहाजावर स्टुअर्ड होता आणि पोहण्यात बेताचाच. लाइफ जॅकेटच्या आधाराने सुमारे दोन तास तरंगल्यावर त्याला रिकामा लाकडी तराफा दिसला. लांबी-रुंदी जेमतेम आठ फूट. त्यावर बिस्किटांचे डबे, पिण्याचे पाणी, थोडे चॉकलेट, साखर, दारूचे नळे आणि एक विजेरी होती.

३/ भर समुद्रात माणूस भुकेआधी तहानेने मरतो. खारे पाणी प्यायल्यास ते मीठ बाहेर टाकण्यासाठी शरीराला प्यायलेल्या पाण्याहून अधिक पाणी खर्च करावे लागते. म्हणून लिमने लाइफ जॅकेटचे कापड ताणून त्यात पावसाचे पाणी साठवण्यास आरंभ केला.

४/ बिस्किटे संपत आली, तेव्हा त्याने विजेरीतील तार वाकवून गळ केला आणि तागाच्या दोराचे सूत सोडवून दोरी वळली. पुढे मोठ्या माशांसाठी खिळ्याचा गळ आला. डब्याच्या पत्र्याची सुरी झाली. मासे चिरून तो उन्हात वाळवीत असे.

५/ एका वादळात वाळवलेले मासे गेले आणि साठवलेले पाणी खारट झाले. मग त्याने समुद्रपक्षी धरले, पुढे एक लहान शार्कही. पाय आखडू नयेत म्हणून समुद्र शांत असेल तेव्हा तो तराफ्याभोवती पोहत असे. दिवस मोजण्यासाठी तो आधी दोरीला गाठी मारी. नंतर पौर्णिमा मोजू लागला.

६/ या काळात एक मालवाहू जहाज जवळून गेले. त्यावरील माणसांनी आपल्याला पाहिले, पण आपण चिनी आहोत हे दिसल्यामुळे उचलले नाही, असे लिमचे म्हणणे होते. तराफा हे पाणबुडीचे आमिष असेल, अशी भीतीही युद्धकाळात कप्तानांना वाटे. तरीही लिमच्या मनात ही शंका यावी, याला कारण होते.

७/ ब्रिटिश व्यापारी जहाजांवर हजारो चिनी खलाशी होते आणि त्याच कामासाठी त्यांना गोऱ्या खलाशांहून कमी वेतन मिळे. १९४२ मध्ये लिव्हरपूलच्या चिनी खलाशांनी त्यासाठी संपही केला. रत्नागिरीच्या किनाऱ्यावरचे लस्कर आणि गोव्याचे स्टुअर्ड हेही याच व्यवस्थेत राबत होते. टॉर्पेडो मात्र वेतन पाहून फुटत नसे.

८/ ५ एप्रिल १९४३ रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ कोळ्यांच्या एका कुटुंबाने लिमला आपल्या होडीत घेतले. १३३ दिवस लोटले होते. तीन दिवसांनी बेलेम बंदरात तो कोणाच्या आधाराविना चालू शकत होता. राजा सहावा जॉर्ज याने त्याला ब्रिटिश एम्पायर मेडल दिले आणि तराफ्यावरील त्याच्या युक्त्यांची ब्रिटिश नौदलाने दखल घेतली.

९/ पुढे लिमला अमेरिकेत स्थायिक व्हायचे होते. तेथे १८८२ च्या कायद्याने चिनी मजुरांना प्रवेशबंदी होती. डिसेंबर १९४३ मध्ये बंदी उठली, पण वर्षाला जेमतेम १०५ चिनी लोकांना प्रवेश ठरला. सिनेटर वॉरन मॅग्नसन यांच्या साहाय्याने लिमला विशेष परवानगी मिळाली आणि पुढे तो अमेरिकेचा नागरिक झाला. सर्वांच्याच वाट्याला असे साहाय्य आले नाही. १९४५-४६ मध्ये ब्रिटिश सरकारने लिव्हरपूलमधील शेकडो चिनी खलाशांना परत धाडले. त्यांतील कित्येकांच्या बायका-मुले तेथेच मागे राहिली.

१०/ लिमची कथा बहुधा जिद्दीची म्हणून सांगितली जाते आणि ती तशी आहेच. पण ज्यांच्या श्रमांवर युद्धकाळातील ब्रिटनचे अन्न आणि इंधन पोहोचत होते, त्या खलाशांचाही तो एक दस्तऐवज आहे. त्याच्यासोबत बुडालेल्यांची नावे आज फारसे कोणी उच्चारत नाही.

११/ इतके दिवस समुद्रावर एकटा कोणीही जगलेला नाही, असे लिमला सांगण्यात आले. त्यावर, हा विक्रम मोडण्याची वेळ कोणावरही येऊ नये, एवढीच इच्छा त्याने व्यक्त केली. १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये त्याचे निधन झाले. (धागा समाप्त)