अजिंठ्यावरची लाख



शाळेच्या पुस्तकातलं अजिंठ्याच्या पद्मपाणीचं चित्र आठवून बघा. पिवळट, तपकिरी, चहा सांडलेल्या जुन्या कागदासारखं. आपल्यापैकी बहुतेकांच्या डोक्यात अजिंठ्याचा रंग हाच. पण लेण्यांतला हा पिवळेपणा काही सगळा मूळ चित्रकारांचा नाही. त्यातला बराच लाखेचा आहे, आणि ही लाख चित्रं वाचवण्यासाठीच लावलेली होती.

जॉन स्मिथ १८१९ मध्ये शिकारीला गेला आणि त्याला लेणी 'सापडली', ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. १८४४ पासून रॉबर्ट गिल आणि १८७२ पासून मुंबईच्या जे. जे. स्कूलचे ग्रिफिथ्स व त्यांचे विद्यार्थी चित्रांच्या नकला करत होते. गिलच्या बहुतेक नकला १८६६ साली लंडनला क्रिस्टल पॅलेसच्या आगीत गेल्या, ग्रिफिथ्सच्याही बऱ्याच १८८५ च्या आगीत. म्हणजे नकला जळल्या आणि मूळ चित्रं मात्र भिंतीवर राहिली. तीही धड नाहीत. चित्र उठून दिसावं म्हणून ग्रिफिथ्सच्या काळातही वार्निश फासलं गेलं होतं.

अजिंठा तेव्हा निजामाच्या राज्यात. १९१४ मध्ये हैदराबादचं पुरातत्त्व खातं सुरू झालं, गुलाम यजदानी त्याचे प्रमुख. खात्याने १९२० मध्ये इटलीहून दोन तज्ज्ञ बोलावले, लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ऑर्सिनी. दोन हिवाळे त्यांनी काम केलं. भिंतीपासून सुटलेला गिलावा पुन्हा चिकटवला, तुटलेल्या कडा बांधून घेतल्या. हे काम खरोखर चांगलं होतं. ते झालं नसतं तर आज आपण ज्यावर बोलतोय त्यातलं बरंच जमिनीवर पडलं असतं. पण शेवटी त्यांनी चित्रांवर लाखेचा हात दिला. आपल्याकडे सुतार फ्रेंच पॉलिशसाठी स्पिरिटमध्ये विरघळवतात, तीच लाख.

नवी लाख स्पिरिटमध्ये सहज विरघळते. वर्षं गेली की तिचे रेणू एकमेकांत गुंततात आणि मग ती साध्या स्पिरिटला दाद देत नाही. शिवाय ती काळवंडते, धूळ आणि काजळी धरून ठेवते, आणि आकसताना खालचा रंगाचा पापुद्रा ओढते. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यात भाषांतर करायचं तर, असा पॅच की जो काढताच येत नाही. आज संवर्धनाचा पहिला प्रश्न हाच असतो : हे उद्या काढता येईल का?

तेव्हा लाख वापरणं जगभर सर्रास होतं, त्यामुळे इटालियनांना शिव्या देण्यात अर्थ नाही. खटकतो तो क्रम. आधी लेप, मग तपासणी. मद्रासच्या सरकारी म्युझियममधले रसायनतज्ज्ञ एस. परमशिवन यांनी अजिंठ्याच्या गिलाव्याचं आणि रंगांचं पद्धतशीर पृथक्करण केलं ते १९३० च्या दशकात, म्हणजे लाख वाळून पंधराएक वर्षं झाल्यावर. त्यांना काय दिसलं? खाली लोहयुक्त मातीचा जाड गिलावा, त्यात वनस्पतींचे तंतू, वर चुन्याचा पातळ हात, आणि त्यावर डिंक किंवा सरस यांसारख्या चिकट द्रव्यात कालवलेला रंग. रंग चुन्यात मुरलेला नाही. इटलीतल्या अस्सल फ्रेस्कोत ओल्या चुन्यावर रंग देतात आणि चुना वाळताना तो पक्का धरून ठेवतो. इथे रंग नुसता वर बसलाय. पाण्याने तो सुटतो, आणि चिकट द्रव्य किडे खातात. अजिंठ्याची चित्रं 'फ्रेस्को' नाहीत हे अजूनही अर्ध्या पर्यटन पुस्तिकांना कळलेलं नाही!

आता हे शोधायला फार मोठा तुकडा काढावा लागत नाही. टाचणीच्या डोक्याएवढा कण रेझिनमध्ये बसवून घासला की सूक्ष्मदर्शकाखाली थर केकसारखे दिसतात. क्ष-किरण सोडून मूलद्रव्यं ओळखता येतात. मला आवडलेली गंमत निळ्याची. यंत्र तांबं दाखवत नाही, तर तो तांब्याचा निळा नाही. पण लाजवर्दातली सोडियम, अॅल्युमिनियम ही हलकी मूलद्रव्यं या यंत्राला नीट पकडता येत नाहीत, म्हणून रामन वर्णपटाने खात्री करायची. (हो, आपले सी. व्ही. रामनच.) लाल-पिवळी गेरू-काव, काजळीचा काळा, दख्खनच्या दगडातलीच हिरवी माती, हे सगळं देशी. लाजवर्द मात्र अफगाणिस्तानातल्या बदख्शानचा.

दुसरा शत्रू ओल. इथे स्कारबरोच्या गिल्ड पार्कमध्ये टोरोंटोच्या पाडलेल्या इमारतींचे खांब आणि कोरीव दगड उघड्यावर उभे आहेत. अशा दगडांच्या छिद्रात पाणी गोठलं की दगड फुटतो. अजिंठ्याला बर्फ नाही, पण गिलाव्यातली चिकणमाती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वरचा लाखेचा थर तिच्याबरोबर हलत नाही. मग पापुद्रे सुटतात.

किड्यांचं उत्तर शंभरेक किलोमीटरवर वेरूळला सापडलं. पुरातत्त्व सर्वेक्षणाचे राजदेव सिंह आणि मराठवाडा विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ मिलिंद सरदेसाई यांनी २०१६ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये दाखवलं की वेरूळच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत. तुलनेसाठी त्यांनी ताजी झाडं जमवली, त्यातली काही जालन्याजवळची. वेरूळला किड्यांचा त्रास जवळपास नाही. अजिंठ्याच्या गिलाव्यात भांग नाही आणि तिथल्या चित्रांचा निदान चौथा हिस्सा किड्यांनी खराब केलाय. कॅनडाने २०१८ मध्ये भांग कायदेशीर केली, पण हा उपयोग इथल्या कुठल्या दुकानदाराला ठाऊक असेल असं वाटत नाही.

याच राजदेव सिंहांनी १९९९ पासून अजिंठ्यावरची लाख उतरवायला घेतली. नवव्या आणि दहाव्या लेण्यातली चित्रं सर्वात जुनी, साधारण दोन हजार वर्षांपूर्वीची. ती लाख, काजळी आणि वटवाघळांच्या घाणीखाली इतकी दडली होती की फार थोड्या लोकांनी ती नीट पाहिली होती. प्रत्येक ठिकाणी आधी चाचणी, मग बोटाएवढ्या जागेत द्रावण, मग थांबायचं. जिथे लाखेबरोबर रंगही यायला लागतो तिथे लाख तशीच ठेवायची.

पुढच्या सुट्टीत छत्रपती संभाजीनगरला (पूर्वीचं औरंगाबाद) गेलात तर लेण्यांसाठी अख्खा दिवस ठेवा. गाडी फर्दापूर फाट्यावर सोडून पुढचे ४ किलोमीटर बसने जावं लागतं. बहुतेक लोक पहिलं आणि दुसरं लेणं बघून दमतात. तुम्ही दहाव्यापर्यंत जा, डोळे अंधाराला सरावू द्या, आणि खांबांवर साफ केलेला भाग कुठे संपतो आणि लाख कुठे सुरू होते ते शोधा.



(स्कारबरो, ओंटारियो)