'हू' आणि महासंगणकाची हजेरीवही

वाराणसीच्या आयआयटीत २०१९ साली 'परम शिवाय' हा महासंगणक कार्यान्वित झाला. अशा यंत्रावर अनेक संशोधक दुरूनच प्रवेश करतात. दुरुस्तीसाठी ते थांबवायचे, तर आत कोण काम करीत आहे हे आधी पाहावे लागते. त्यासाठी लिनक्सवर दिली जाणारी 'हू' ही आज्ञा मात्र १९७१ची! बेल प्रयोगशाळेतील केन थॉम्प्सन व डेनिस रिची यांच्या युनिक्सच्या पहिल्याच पुस्तिकेत ती आढळते.

'हू' स्वतः कोणाचाही शोध घेत नाही. 'यूटीएमपी' नावाची नोंदवही तेवढी वाचते. तीत वापरकर्त्याचे नाव, टर्मिनल आणि प्रवेशाची वेळ असते. वहीत नाव नसेल, तर आत असलेला माणूसही तिला दिसत नाही. सनओएसच्या जुन्या आवृत्त्यांत तर ही वही कोणालाही खोडता येई. म्हणजे हजेरीपत्रक विद्यार्थ्यांच्याच हाती. आपली नोंद पुसून घुसखोराला सहज अदृश्य होता येई.

आता अडचण वेळेच्या रकान्याची आहे. ६४ बिटांच्या बहुतेक लिनक्स यंत्रांवरही तो ३२ बिटांचाच राहिला असून १९ जानेवारी २०३८ रोजी अपुरा पडेल. म्हणून नव्या आवृत्त्यांत 'हू'ला 'सिस्टिमडी'कडून ही माहिती घेण्याची सोय केली आहे.